लाल पिंपांची रांग

धनसिंग गिरासे पाण्याला भीत असे, आणि ही गोष्ट त्यानं बावन्न वर्षं कुणाला कळू दिली नव्हती. शिंदखेड्याकडच्या कोरडवाहू गावात वाढलेल्या माणसाला पोहता येत नाही याचं कुणाला नवल वाटत नाही. पुढे तो रेल्वेत लागला, मालगाडीचा ड्रायव्हर झाला, भुसावळच्या कॉलनीत राहू लागला. तिथंही पाण्याशी संबंध नळापुरताच. तापीच्या पुलावरून गाडी नेताना तो नजर समोरच्या सिग्नलवर ठेवी, एवढंच.

पण त्याची मुलगी मोहिनी कॉलेजात एनसीसीच्या नेव्हीत गेली आणि तिथं तिला शिडाच्या होड्यांचं वेड लागलं. फैजपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला खैरवाडीचं धरण आहे. नेव्हीतून निवृत्त झालेल्या तोताराम सरांनी तिथं दोन माणसांच्या लहान होड्यांचा क्लब काढला होता. मोहिनी दर रविवारी पहाटेची बस धरून तिकडे जाई. आई मंजुळाबाई कुरकुर करी. ती परत येऊन पायरीवर ओल्या चपला काढेपर्यंत धनसिंग जेवायला बसत नसे.

ऑगस्टात मोहिनीची जोडीदार हेमांगी डेंग्यूनं आजारी पडली. सप्टेंबरअखेर क्लबची वर्षातली मोठी रेस होती. दुसरं कुणी मिळेना.

"नाना, तुम्ही येता का?" तिनं जेवताना विचारलं. "फक्त बसायचं आणि मी सांगेन तसं हलायचं. पुढच्या लहान शिडाची दोरी धरायची."

मंजुळाबाई हसल्या. धनसिंग हसला नाही. काठावर उभं राहून तिच्या होडीकडे बघत बसायचं, त्यापेक्षा होडीत बसलेलं बरं, असा त्यानं मनाशी हिशेब केला. "येतो," तो म्हणाला.

पाच रविवार त्यानं सराव केला. लाइफ जॅकेटचे पट्टे तो इतके घट्ट ओढी की श्वास अडके. होडी एका अंगाला झुकली की तो पायांची बोटं आवळी, पण चेहरा तो इंजिनात असतो तसाच ठेवी. मोहिनीला वाटे, नाना किती शांत आहेत.

रेसच्या दिवशी धरण काठोकाठ भरलेलं होतं. केळीच्या बागा पाण्याच्या कडेपर्यंत आल्यासारख्या दिसत होत्या. नऊ होड्या काठाला लागल्या होत्या. तोताराम सरांनी सगळ्यांना गोळा करून भिंतीकडे बोट दाखवलं.

"ती लाल पिंपांची रांग दिसते ना? तिच्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत कुणी यायचं नाही. धरणाची दोन दारं आत्ताच फूटभर उघडी आहेत. संध्याकाळी चारनंतर आणखी उघडतील, तोवर आपण चहा पीत असू. पण वर डोंगरात पाऊस झाला तर आधीही उघडतील. भोंगा वाजला की रेस संपली. जिथं असाल तिथून सरळ काठ. समजलं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. धनसिंगनं पिंपं मोजली. अकरा होती. पाण्यात अर्धी बुडालेली, प्रत्येक आपापल्या साखळीनं तळातल्या दगडाला बांधलेलं. त्यांच्यामागे दोनशे मीटरवर भिंत, आणि भिंतीपलीकडून येणारी एकसुरी घरघर.

अकराला रेस सुटली. वारा असा नव्हताच. डोंगराकडून एक झुळूक येई, शीड भरे, होडीच्या बुडाखाली पाणी कुजबुजू लागे, आणि एवढ्यात ती झुळूक मरून केळीच्या बाजूनं दुसरी येई. पुढे असलेली होडी मागे पडे, मागची पुढे जाई. मोहिनी शिडावर चिकटवलेल्या लोकरीच्या धाग्यांकडे आणि पाण्याच्या रंगाकडे आळीपाळीनं बघत होती. जिथं पाणी काळसर खरखरीत दिसे तिथं वारा. जिथं आरशासारखं, तिथं काही नाही.

"नाना, हळू. मांजरासारखं सरका." ती खालच्या आवाजात बोलत होती. "खालच्या बाजूला बसा. शीड स्वतःच्या वजनानं लोंबलं पाहिजे, नाहीतर वारा धरणार नाही. आता हलू नका. खोकूसुद्धा नका."

धनसिंग तासभर तसा अंग आकसून बसला. मांडीला मुंग्या आल्या. पाणी त्याच्या कोपरापासून वीतभर अंतरावर होतं, हिरवट, गढूळ, आणि त्याचा तळ दिसत नव्हता. तिकडे बघायचं नाही असं तो ठरवी आणि पुन्हा तिकडेच बघे.

दुसऱ्या फेरीत ते पाचवे होते. बाकी सगळ्या होड्या उजवीकडे, केळीच्या काठाला धरून चालल्या होत्या. मोहिनीनं मान वळवून डावीकडे पाहिलं. भिंतीच्या दिशेला पाण्यावर काळसर पट्टा उमटला होता.

"तिकडे वारा आहे," ती म्हणाली. "कुणी बघितलं नाही अजून."

"तिकडे पिंपं आहेत."

"पिंपांपासून लांबच राहू, नाना. पट्टा धरायचा, वळणाच्या खुणेचा पुढचा बोया गाठायचा आणि निघायचं."

धनसिंगनं लहान शिडाची दोरी पुन्हा मुठीत घेतली. होडी तिची होती, खेळ तिचा होता. तिनं सुकाणू वळवलं.

पट्टा खरा होता. शीड एकदम टरारलं, होडी झुकली, पाणी बुडाखाली खळखळलं. दहा मिनिटांत ते सगळ्यांच्या पुढे होते. मोहिनी हसत होती. तिचा तसा चेहरा त्यानं बारावीच्या निकालानंतर पाहिला नव्हता, आणि तेवढ्यापुरता त्याचाही जीव हलका झाला.

मग वारा पडला.

कमी झाला नाही, पडला. शीड एकदा फडफडलं आणि ओल्या धोतरासारखं लोंबू लागलं. लोकरीचे धागे सरळ खाली आले. पाणी आरसा झालं. लांब केळीच्या काठाला आठ पांढरी शिडं भरून हळूहळू पुढे सरकत होती. इकडे एक पान हलत नव्हतं.

"थांबायचं," मोहिनी म्हणाली. "येईल परत. हलू नका."

होडी जागच्या जागी उभी आहे असं वाटत होतं. पण धनसिंगची अठ्ठावीस वर्षं इंजिनात गेली होती. गाडी उभी आहे की हळूच घसरते आहे हे बघायचं तर जवळ बघून कळत नाही, दूरच्या दोन स्थिर वस्तू बघाव्या लागतात. डाव्या काठाला पंपघर होतं आणि त्याच्यामागे एक कडुनिंब. मघाशी कडुनिंब पंपघराच्या उजवीकडे दिसत होता. आता तो बरोबर मागे लपला होता. धनसिंग श्वास धरून बघत राहिला. कडुनिंबाची फांदी डावीकडून बाहेर आली.

"मोहिनी, आपण चाललोय."

"कुठे? वारा कुठंय?"

"वारा नाही. पाणी चाललंय."

तिनं पाण्याकडे पाहिलं. जलपर्णीचा एक झुबका होडीच्या बाजूला होता, होडीच्याच वेगानं जात होता, म्हणून तो उभा वाटत होता. खाली जुन्या नदीचं पात्र होतं. धरणाचं सगळं पाणी त्या पात्रातून दारांकडे ओढ घेत होतं.

"वल्हं काढू?" त्यानं विचारलं.

"नाना, वल्हं मारलं की रेस गेली. दोन मिनिटं. तिकडे बघा, येतोय वारा."

तो बघत राहिला. लांब कुठंतरी काळसर डाग उमटला आणि विरला. धनसिंगच्या मनात एक जुना दिवस येऊन उभा राहिला. नंदुरबारच्या मार्गावर, अठ्ठावन्न वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, मागे, आणि समोर रुळावर एक म्हैस. त्यानं ब्रेक पूर्ण लावला होता. गाडी किती अंतरात थांबेल हे त्याला ठाऊक होतं आणि म्हैस त्याच्या निम्म्या अंतरावर होती. सगळं करून झालेलं असतं आणि तरी पुढे जायचंच असतं, त्या वेळी छातीत जे होतं ते त्याला आता होऊ लागलं.

"मोहिनी. दोन मिनिटं झाली."

त्याच क्षणी भोंगा वाजला.

आधी हलका, मग चढत जाणारा, सगळ्या खोऱ्यात भरून राहणारा.  तिनं घड्याळ पाहिलं. अजून दोनही वाजले नव्हते. डोंगरात पाऊस झाला असणार. भोंगा थांबला आणि त्याच्या जागी भिंतीपलीकडची घरघर वाढली, आधी दुप्पट, मग इतकी की होडीच्या लाकडात ती जाणवू लागली.

"वल्हं!" ती ओरडली.

होडीत एकच आखूड वल्हं होतं. धनसिंगनं ते उचललं आणि काठाच्या दिशेनं मारू लागला. मोहिनीनं होडीच्या बुडातून खाली सोडलेली मधली फळी उपसून काढली आणि दुसऱ्या बाजूनं त्या फळीनंच पाणी ओढायला सुरुवात केली. होडीचं तोंड काठाकडे होतं, पण ती चालली होती आडवी, पिंपांकडे. धनसिंगनं मान वर केली तेव्हा लांब टोकाला तोताराम सरांची मोटारबोट दिसली. ती हलत नव्हती. पंख्यात जलपर्णी अडकली होती आणि दोघं जण मागे वाकून ती उपसत होते.

"काठ नाही गाठणार आपण," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "पिंप धरू. तोंड पिंपाकडे कर."

"आणि हुकलं तर?"

त्यानं भिंतीकडे पाहिलं. पिंपांच्या पलीकडे पाणी गुळगुळीत होतं, तेलासारखं, आणि त्याच्या टोकाला भिंतीजवळ ते मध्यात खोल वाकलेलं दिसत होतं. दारांवरून धुरासारखे तुषार उठत होते.

तो पालथा होडीच्या टोकावर सरकला. पिंप जवळ येत होतं, गंजलेलं, शेवाळलेलं, वरच्या बाजूला मूठभर जाडीची लोखंडी कडी. हातभर राहिलं असताना होडी फिरू लागली. त्यानं अंग बाहेर फेकलं. कंबरेपासून वरचा भाग पाण्यात गेला, नाकातोंडात पाणी शिरलं, डोळ्यांपुढे हिरवं झालं. हात कडीत अडकला. खांद्यातून कळ उठली. होडी त्याच्या पायांशी झोकांडी खाऊन मागे वळली आणि थांबली.

"धरलं!" तो ओरडला, की त्याला फक्त तसं वाटलं.

मोहिनी त्याच्या पाठीवरून पुढे आली. तिनं होडीच्या टोकाची दोरी कडीतून ओवली आणि गाठ मारली, एकावर दोन. "नाना, बांधलं. आता हात काढा."

त्यानं हात काढला नाही. दोरी अंगठ्याएवढीही जाड नव्हती, आणि कडीची कड गंजून धारदार झाली होती. दोरीवर त्याचा विश्वास नव्हता. स्वतःच्या हातावर होता. तो दोन्ही हात कडीत घालून तसाच पालथा पडून राहिला. पिंप पाण्याखाली जाई, वर येई, आणि दर वेळी साखळीचा एक हिसका त्याच्या मनगटापर्यंत येई.

भिंतीवर एक माणूस धावत होता. त्यानं दोघांना पाहिलं असावं. तो केबिनमध्ये शिरला. दारं खाली येऊ लागली असतील तर ती बोट-बोटभरच येत असणार, कारण आवाज काही कमी होईना.

थोड्या वेळानं गालाला गार लागलं. शीड सळसळलं.

"वारा!" मोहिनी म्हणाली. "नाना, वारा आला! भिंतीकडूनच आलाय, आपल्याला बाहेर नेईल. सोडा कडी, मी दोरी सोडते."

लोकरीचे धागे मागे ताणले गेले होते. शीड भरत होतं. तिचे हात गाठीवर गेले.

"नाही," धनसिंग म्हणाला.

"नाना, हीच वेळ आहे!"

"नाही म्हणतो ना!" तो असा तिच्यावर आयुष्यात ओरडला नव्हता. "दिवसभर बघतोय मी तुझा वारा. दोन मिनिटं येतो आणि मरतो. हात लावू नको गाठीला."

ती रडवेली झाली. गाठीवरचे हात तिनं मागे घेतले, पण नजर शिडावरून काढली नाही. शीड भरलेलं राहिलं. एक मिनिट झालं. धनसिंगला वाटू लागलं की आपण चुकलो, भीतीपायी पोरीचा एकुलता एक मार्ग आपण बंद केला. मग धागे खाली आले. शीड ढिलं पडलं आणि पुन्हा लोंबू लागलं.

दोघांनी पिंपांच्या पलीकडच्या गुळगुळीत पाण्याकडे पाहिलं. तेवढ्या वाऱ्यात होडी कुठवर गेली असती आणि मग ओढीनं कुठे वाहून गेली असती, हे बोलून दाखवायची गरज नव्हती. मोहिनी तोंडावर हात ठेवून बसली. "माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "तुम्ही सांगत होता तेव्हाच वल्हं काढायला हवं होतं."

"नंतर बोल ते. काठाकडे बघत राहा."

तिनंच आधी पाहिलं. खैरवाडीचा हिलाल मासेमारी करायचा. त्यानं आपल्या सपाट होडीला लांब दोर बांधला होता, दोराचं दुसरं टोक काठावरच्या बाभळीला. बाभळीपाशी पाच-सहा माणसं दोर धरून हळूहळू सोडत होती आणि हिलाल पिंपांच्या वरच्या अंगाला, ओढीच्या कडेला येऊन थांबला होता. तिथून पुढे यायचं नाही हे त्याला माहीत होतं. त्यानं तेलाच्या रिकाम्या डब्याला जाळ्याचा दोर बांधून तो पाण्यात सोडला.

"डबा धरा रे भाऊ!" त्याचा आवाज घरघरीतून कसाबसा पोहोचला. "पानीच लई यी त्याले तुम्हनाकडे!"

पाण्याच्या ओढीबरोबर डबा नाचत नाचत आला. मोहिनी वाकली, पण तो चार हातांवरून निघून गेला. हिलालनं दोर ओढून घेतला, जरा सरकला, पुन्हा सोडला. दुसऱ्या खेपेला डबा होडीवर आपटला. मोहिनीनं झडप घालून तो धरला, दोर डोलकाठीच्या बुडाला तीन वेढे देऊन बांधला, ओढून पाहिला. मग तिनं खिशातल्या सुरीनं कडीची दोरी कापली.

"नाना, सोडा आता."

धनसिंगनं हात सोडायचं ठरवलं. बोटं उघडली नाहीत. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. मनगटाच्या पुढे हात आपला नाहीच असं त्याला वाटत होतं. काठावरून दोर ताणला गेला, होडी मागे हलली, आणि त्याचे खांदे ताणले गेले. आणखी ओढलं असतं तर तो होडीतून सरळ बाहेर निघाला असता.

"थांबा! ओढू नका!" मोहिनी काठाकडे ओरडली. मग ती त्याच्या शेजारी पालथी पडली. तिनं त्याच्या उजव्या हाताचं एक बोट धरलं आणि उलगडलं. मग दुसरं. कातडी सोलली होती, रक्त येत होतं. लहानपणापासून ती घरातही पुस्तकातली मराठी बोलायची, अहिराणीत बोललं की हसायची. आता ती त्याच्या कानाशी म्हणाली, "नाना, सोडी द्या. मी शे ना. सोडी द्या."

शेवटचं बोट सुटलं. तिनं त्याला जॅकेटच्या पट्ट्यांनी धरून आत ओढलं आणि हात वर केला. काठावरच्या माणसांनी दोर ओढायला सुरुवात केली. होडी आधी जागची हलेना, मग हातभर आली, मग आणखी हातभर. धनसिंग तळाशी साचलेल्या पाण्यात बसला होता. पिंप लांब जाताना त्याला दिसलं, पण काठाला होडी टेकेपर्यंत त्याचा विश्वास बसला नाही, आणि टेकल्यावरही तो चिखलात गुडघ्यावर बसून गवताचे बुडखे धरून राहिला.

हिलाल त्याच्या शेजारी उकिडवा बसला आणि सगळं ठीक आहे असं समजावू लागला. "बठ्ठं ठीक शे, भाऊ," तो म्हणाला. "जमीन शे ही."

तोताराम सर धापा टाकत आले. ते कुणाला रागावले नाहीत. त्यांनी मोहिनीच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि तिथंच खाली बसले. रेस रद्द झाली होती.

घरी दोघांनी मंजुळाबाईंना सगळं सांगितलं, काही न लपवता. त्या ऐकून दोघांसाठी चहा टाकायला उठल्या. धनसिंगच्या हातांना पंधरा दिवस पट्ट्या होत्या. ड्युटीवर गेला तेव्हा ब्रेकच्या मुठीवर बोटं ठेवली की ती घट्ट व्हायची आणि त्याला मनात म्हणावं लागायचं, सोड. मोहिनी परीक्षेसाठी जळगावला हॉस्टेलवर गेली. धरणाचं नाव तिनं काढलं नाही.

ऑक्टोबरात मंजुळाबाई म्हणाल्या, त्या माणसाच्या घरी जायचं. हिलालच्या बायकोसाठी, बेबाबाईसाठी, त्यांनी लुगडं घेतलं, पोरांसाठी जिलेबी. हिलालनं ओट्यावर सतरंजी टाकली. चहा झाला. बोलता बोलता तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही धरेल व्हतं ते पिंप दुसऱ्या दिवशी जागावर नव्हतं. साखळी तुटी गयी. दाराजोडे सापडनं, चेपायेल."

धनसिंगनं कप खाली ठेवला. "कधी तुटली?"

"कोनले ठावं? रातले, नही तं सकायले."

परतीची बस सावद्याला आली. धनसिंगला सारखा तो हिसका मनगटात जाणवत होता. मग मंजुळाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "हाई मोहिनीले सांगा."

"घाबरी जाई ती."

"घाबरू द्या. पानीमा जावानं व्हई तं घाबरीसनच जावो."

त्यानं बसस्टँडवरूनच फोन लावला. मोहिनीला साखळीचं सांगितलं. 

"नाना," ती म्हणाली, "नवीन साखळी टाकली का त्यांनी?"

"सगळ्याच पिंपांना. जाड टाकली म्हणतात."

"डिसेंबरात रेस आहे. दारं बंद असतात तेव्हा. हेमांगी बरी झालीय, तिच्याबरोबर जाईन म्हणते." तिचा आवाज खाली आला. "पण मला फार भीती वाटते. रोज वाटते. तुम्ही काठावर याल?"

धनसिंगचे तळवे घामानं ओले झाले होते. जखमा भरल्या होत्या, पण घाम आला की तिथं अजून चुरचुरायचं. पोहता न येता नुसतं काठावर उभं राहणं त्याला जमणार नाही हे त्याला माहीत होतं.

"येईन," तो म्हणाला. "पण त्याआधी मला पोहायला शिकायचंय. तू सुट्टीत ये, तू शिकव."